त्यांच्या नकळत गोळी देऊ का?

पत्र

माझे पती ४४ वर्षांचे आहेत. पूर्वी कधीमधी घेत होते, गेली ६ वर्षं रोज. आता सकाळी हात इतके थरथरतात की शर्टाची बटणं लागत नाहीत. उतारा म्हणून थोडी घेतात, मग हात शांत होतात. ऑफिसातून फोन आला की 'त्यांना ताप आहे' असं मीच सांगते. दारूबद्दल बोललं की एकतर भांडण, नाहीतर मुलीची शपथ. दोन महिन्यांपूर्वी आमच्या १३ वर्षांच्या मुलीने घरातल्या सगळ्या बाटल्या शोधून बेसिनमध्ये ओतल्या. त्यांनीही तेव्हा 'आता बास' म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बाथरूममध्ये पडले, अंग ताठ झालं, मग झटके आले, तोंडाला फेस. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरकडे यायला तयार होईनात. दीर म्हणाले, नाटक आहे. त्या रात्री परत प्यायले आणि एकदम बरे दिसायला लागले. आता ओळखीच्या एका बाईंनी दारू सोडवायच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली आहे. त्यांच्या नवऱ्याच्या उरलेल्या आहेत. नाव डायसल्फिराम. 'रोज एक जेवणातून दे, सांगू नकोस, आपोआप किळस बसेल' असं त्या म्हणतात. सासूबाईही दे म्हणतात. किती द्यायची आणि कशातून द्यायची, तेवढं सांगा.

— नाव छापू नये ही विनंती

उत्तर

ताई, देऊ नका. पुढचं वाचायला वेळ झाला नाही तरी एवढं एक ऐका. आणि पत्र टाकल्यानंतर राहवलं नाही म्हणून एखाददुसरी दिली असेल, तर लाजून गप्प बसू नका. आजच डॉक्टरांना गाठून गोळीचं नाव आणि कधी दिली ते सांगा. या गोळीचा असर एका रात्रीत उतरत नाही, शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंतही दारूशी तिची गाठ पडू शकते. त्या दिवसांत त्यांचा चेहरा लालबुंद झाला, उलट्या लागल्या, छाती धडधडायला किंवा दुखायला लागली, श्वास लागला, तर घरी पाणी मारत बसायचं नाही. थेट दवाखाना, आणि तिथे गोळीचं नाव सांगायचं.

तुम्ही मला मात्रा विचारलीत. मात्रा न सांगता नुसतं 'नको' म्हटलं तर ती पट्टी परत कपाटात जाईल आणि एखाद्या वाईट रात्री बाहेर येईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून ही गोळी करते काय, ते सांगते.

दारू पोटात गेली की यकृत तिचे टप्प्याटप्प्याने तुकडे करतं. पहिल्या टप्प्यात तिचं असिटाल्डिहाइड होतं, जे चांगलंच विषारी आहे. एरवी ते फार वेळ टिकत नाही, एक एन्झाइम लगेच त्याचा निकाल लावतं. डायसल्फिराम नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. मग विष साचत जातं आणि माणसाला वाटतं, आता आपण मरतो. हे कळलं तेही अपघातानेच. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवलं होतं की रबराच्या कामात याच जातीचं रसायन हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली आहे. पुढे १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक याच रसायनाचा जंतांवर उपयोग होतो का ते पाहत होते. त्यांनी ते स्वतःवर करून पाहिलं, नंतर थोडी दारू घेतली आणि आडवे झाले. तिथून हे दारूवरचं औषध बनलं. सुरुवातीच्या वर्षांत मात्रा भरमसाट दिल्या जात, आणि त्यात माणसं दगावलीही.

आता तुमच्या घरातली परिस्थिती बघा. रुग्णाने किमान १२ तास दारूचा थेंब घेतलेला नसेल, तरच ही गोळी सुरू करायची असते. तुमचे यजमान सकाळी उतारा घेतात, संध्याकाळी पितात, म्हणजे त्यांच्या रक्तात दारू नाही अशी वेळ दिवसात येत असेल की नाही याचीच शंका. तुम्ही जेवणातून गोळी दिलीत तर ती दारूवरच जाऊन पडेल. किळस बसण्याची पायरी फार पुढची, त्याआधी रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यकृत कितपत चालतंय ते तपासल्याशिवाय, हृदयाची माहिती घेतल्याशिवाय डॉक्टर ही गोळी लिहून देत नाहीत. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच सांभाळून. पोट बिघडलं म्हणून सहज घेतलं जाणारं मेट्रोनिडॅझोल या गोळीबरोबर गेलं तर माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत आणि माउथवॉशमध्येसुद्धा अल्कोहोल असतं. गोळी चालू आहे हे ज्याला माहीत आहे, तो या गोष्टी टाळेल. ज्याला माहीतच नाही त्याने काय टाळायचं?

अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा छापलेला असतो: प्यायलेल्या माणसाला कधीही देऊ नये, आणि त्याच्या पूर्ण माहितीशिवाय कधीही देऊ नये. नातेवाइकांनाही तशी समज द्यावी, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे हा विचार तुमच्याच मनात पहिल्यांदा आला असं समजू नका. तुमच्या आधी इतक्या घरांत आला की कागदावर छापावं लागलं.

पण जिवाचा धोका क्षणभर बाजूला ठेवला, तरी 'आपोआप किळस बसेल' हे गणितच चुकीचं आहे. ही गोळी चालते ती भीतीवर. सकाळी माणूस स्वतःच्या हाताने गोळी घेतो, तेव्हा 'आज प्यायची नाही' हा निर्णय त्याचा एकदाच घेऊन होतो. मग दिवसभरात शंभर वेळा तलफ आली तरी तितक्या वेळा स्वतःशी भांडावं लागत नाही, गोळीने दार लावून ठेवलेलं असतं. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, त्याच्यासाठी कसलं दार? त्याला एक दिवस अचानक मरणासन्न व्हायला होतं. त्यातून तो निष्कर्ष काढतो की माल खराब होता. दुसरा ब्रँड घेतो.

यात मी स्वतः एकदा चुकले आहे. समुपदेशनाच्या कामात नवीन होते. एक बाई रडवेल्या होऊन आल्या, नवऱ्याला लपून औषध देऊ का म्हणाल्या, आणि मी ठाम 'नाही' म्हणायच्या ऐवजी 'डॉक्टरांना विचारून बघा' असं काहीतरी गुळमुळीत बोलले. त्यांनी विचारलं नाही, दिलं. तो माणूस वाचला, पण त्याला ते कळलं. त्यानंतर त्या घरात तो पाण्याचा पेलासुद्धा स्वतः विसळून, स्वतः भरून प्यायचा. पुढे डॉक्टरांनी खरंच औषध लिहून दिलं, तेव्हा तेही त्याने घेतलं नाही. म्हणाला, यातही हिने काही मिसळलं असेल. दारूमुळे नाही झालं इतकं नुकसान त्या दोघांच्या नात्याचं त्या गोळीने केलं. तेव्हापासून या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्या ओळीत देते.

(जाता जाता. सासूबाई उद्या एखादी 'वनस्पतींची, निर्धोक, बिनवासाची' पावडर आणतील. तिलाही हेच उत्तर. आत काय आहे हे डबीवर नीट लिहिलेलं नाही, अशी वस्तू यकृत थकलेल्या माणसाला द्यायची नसते.)

आता तुमच्या पत्रातल्या अशा गोष्टीकडे येते, जी तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्या मते पत्रातली सगळ्यात गंभीर बाब तीच आहे. बाथरूममधला झटका.

ते नाटक नव्हतं. दीरांनाही हे वाचायला द्या. दारू मेंदूला गुंगवते, आणि रोज गुंगवली जाणारी मेंदूची यंत्रणा जागं राहण्यासाठी उलट जोर लावायला शिकते. रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. वर्षानुवर्षं एका बाजूने दारू ओढते, दुसऱ्या बाजूने मेंदू. एके दिवशी दारूने दोर एकदम सोडला तर मेंदू आपल्याच जोराने मागे कोसळतो. थरथर, घाम, धडधड, झोप उडणं हे त्याचं पहिलं रूप, शेवटच्या घोटानंतर काही तासांतच दिसणारं. झटके येतात ते साधारण ६ ते ४८ तासांच्या दरम्यान. तुमच्या यजमानांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, म्हणजे अगदी वेळेवर. त्याच्याही पुढची अवस्था म्हणजे डेलिरियम ट्रेमेन्स: ताप, भास, भिंतीवर नसलेले किडे दिसणं, माणसं न ओळखणं. ती बहुधा ४८ ते ९६ तासांत येते, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो. त्या रात्री परत पिऊन ते 'बरे' झाले ते याचमुळे, दोर पुन्हा ताणला गेला. सकाळचा उतारा म्हणजेही रोज थोड्या प्रमाणात तेच चाललेलं आहे. त्याला मजा म्हणून पिणं म्हणता येणार नाही, शरीर आता औषधासारखी दारू मागतंय.

म्हणून एक सल्ला देते, जो ऐकून तुम्हाला माझा राग येईल. डॉक्टरांची गाठ पडेपर्यंत घरातली दारू ओतून देऊ नका, आणि 'आजपासून एक थेंबही नाही' अशी शपथ त्यांच्याकडून घेऊ नका. व्यसनावर लिहिणारी बाई 'बाटली राहू द्या' म्हणते हे चमत्कारिक दिसतं, पण ज्याला एकदा झटका येऊन गेलाय त्याला तो पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो, आणि पुढची खेप आधीच्यापेक्षा कडक असू शकते. त्यांची दारू सुटली पाहिजे याबद्दल वाद नाही. ती डॉक्टरांच्या नजरेखाली सुटली पाहिजे.

डिटॉक्स म्हणतात ते हेच. त्यांच्यासारख्या, म्हणजे झटका येऊन गेलेल्या माणसाचं डिटॉक्स घरी नको, दाखल करूनच हवं. दारूच्या जागी काही दिवस दुसरं शांत करणारं औषध देतात, बहुतेक वेळा बेंझोडायझेपिन गटातलं, आणि ते रोज थोडं थोडं उतरवतात. म्हणजे दोर हातातून सुटत नाही, हळूहळू सैल होतो. साधारण आठवडाभराचं काम. सोबत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, बहुधा इंजेक्शनने. ही किरकोळ बाब वाटेल, पण रोज पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिनचा खडखडाट असतो आणि त्यातून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चाल लडखडते, डोळ्यांची हालचाल बिघडते, बोलण्यात गोंधळ होतो. १८८१ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी वर्णन केलेला हा आजार घरच्यांच्या हमखास नजरेतून सुटतो, कारण तो तंतोतंत नशेसारखा दिसतो. 'प्यायलाय, झोपू दे' म्हणून सोडून दिलं जातं. तेव्हा न पिताही ते असे वागताना दिसले, किंवा परत झटका आला, भास व्हायला लागले, ताप चढला, तर रुसवेफुगवे, संमती, लोक काय म्हणतील, सगळं नंतर. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. ही गोष्ट त्यांच्या मर्जीवर सोडायची नसते.

तुमच्या मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. मी त्यावर बराच वेळ थांबले. तेरा वर्षांच्या मुलीने बाटल्या शोधल्या, म्हणजे त्या कुठे असतात हे तिला आधीपासून माहीत होतं. तिने ओतल्या. दुसऱ्या दिवशी बाबा पडले, तोंडाला फेस आला. नंतर दारू प्यायले आणि ठीक झाले. आता तिच्या जागी बसून हा हिशेब मांडून बघा. तिने तो मांडलाय याची मला जवळजवळ खात्री आहे, आणि तुम्हाला सांगितलेला नाही. शिवाय घरात मोठे म्हणतायत की ते नाटक होतं; म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलंही खरं धरायचं नाही.

तिला आज रात्रीच सांगा. 'बाबांना दारूचा आजार झालाय. त्या दिवशी जे झालं ते त्या आजारामुळे झालं. तू केलंस ते बाबा बरे व्हावेत म्हणून केलंस, त्यात तुझी चूक नाही. पण बाटल्या शोधणं, ओतणं, बाबांच्या तोंडाचा वास घेणं हे तुझं काम नाही. ते माझं आणि डॉक्टरांचं.' शब्द तुमचे वापरा, पण 'तुझी चूक नाही' हे शब्द तसेच्या तसे उच्चारा, ती समजून घेईल असं धरून चालू नका. आणि पुन्हा तसं काही झालं तर काय करायचं तेही तिला नेमकं शिकवा: बाबांना कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, डोकं कशावर आपटणार नाही ते बघायचं, कुणाला फोन करायचा. काय करायचं ते माहीत असलं की मुलांची भीती बरीच ओसरते. शाळेत तिच्या विश्वासातल्या एखाद्या शिक्षिकेला थोडी कल्पना देऊन ठेवा. घरची गोष्ट बाहेर जाईल म्हणाल, तर ती मुलगी घरचीच गोष्ट दप्तरात घालून रोज शाळेत नेते आहे.

इथे मला तुमच्या गोळीच्या प्रश्नाशी परत यावंसं वाटतं. तुमच्या घरात आत्ता कोण काय लपवतंय ते बघा. ते बाटल्या लपवतात. तुम्ही त्यांचं पिणं ऑफिसपासून लपवता. मुलगी तिला काय वाटतं ते तुमच्यापासून लपवते. सासूबाई बहुधा नातेवाइकांपासून लपवत असतील. या सगळ्या लपवालपवीच्या आधारावरच दारू सहा वर्षं टिकून आहे, आणि तुम्ही त्यात आणखी एक लपवलेली गोष्ट, जेवणातली गोळी, घालायला निघाला होता. मला वाटतं उलट दिशेने जायला हवं. एकेक लपवणं कमी करायचं, आणि त्यांच्यापासून सुरुवात होत नाही, तर तुमच्यापासून.

'त्यांना ताप आहे' हा फोन बंद करा. ऑफिसला जाऊन तक्रार करा असं मी म्हणत नाही. फक्त त्यांचा फोन त्यांना उचलू द्या, त्यांची सबब त्यांना देऊ द्या. आज होतं असं की पितात ते आणि त्याची किंमत भरता तुम्ही, मग त्यांना बदलायचं कारण कुठून मिळणार? नोकरीची भीती मला कळते, घर त्यावर चालतं. पण सकाळी बटणं न लागणाऱ्या माणसाची नोकरी तुमच्या फोनवर आणखी किती दिवस तगेल, हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारला असेल. आजारी म्हणून उपचारासाठी रजा मागणारा कर्मचारी आणि प्यायलेला सापडलेला कर्मचारी यात बऱ्याच ठिकाणी फरक केला जातो. पहिला मार्ग अजून उघडा आहे. हे त्यांना आधी सांगून करा, अचानक अंग काढून घेऊ नका: 'यापुढे तुमच्या ऑफिसशी मी खोटं बोलणार नाही. आठवडाभर आधी सांगतेय.' बोललात की मग पाळा. न पाळता येणारी धमकी दिलीत तर तुमचा शब्द त्यांच्या शपथेच्या किमतीचा होईल. (शपथा घेणं थांबवा, तेही मुलीच्या नावाने तर अजिबात नको. मोडलेल्या प्रत्येक शपथेनंतर ते जास्त पितात ते लाजेपोटी.)

बोलायचं कसं? यावर चांगला अभ्यास झालेला आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स आणि सहकाऱ्यांनी घरच्या माणसांसाठी क्राफ्ट नावाची पद्धत बसवली. उपचाराला साफ नकार देणाऱ्या माणसांच्या १३० नातेवाइकांवरचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. सगळ्यांनी मिळून घेराव घालून जाब विचारणं या पद्धतीतून ३० टक्के पिणारे उपचारापर्यंत पोहोचले, क्राफ्टमधून ६४ टक्के. तिच्यात जादू नाही. माणूस शुद्धीत असतो तेव्हा त्याच्याशी आपुलकीने वागायचं, प्यायला की ती सोबत काढून घ्यायची, भांडायचं नाही, नुसतं उठून दुसऱ्या खोलीत जायचं. पिण्याचे परिणाम त्याला स्वतःला भोगू द्यायचे, जीव धोक्यात असेल तेवढा अपवाद. आणि तो हळवा होईल त्या क्षणासाठी तयार राहायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. 'मला याचा कंटाळा आलाय' असं ते अर्ध्या वाक्यात बोलून जातील, बहुधा सकाळी, थोडी पोटात गेल्यावर हात स्थिरावतात आणि नशा चढलेली नसते त्या वेळी. तेव्हा तुमच्याकडे डॉक्टरांचं नाव, वेळ, तिथे जायचं कसं, हे सगळं ठरलेलं असलं पाहिजे. 'बघू या पुढच्या आठवड्यात' म्हटलं की ती खिडकी बंद झाली.

तेव्हा या आठवड्यात तुम्ही एकट्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रुग्णाशिवाय येणारे घरचे त्यांना नवे नसतात. झटक्याची हकीगत तारीख-वेळेसकट सांगा, ती पट्टीही दाखवा. आणि यजमानांना म्हणा: 'त्या दिवशी तुम्हाला झटका आला तेव्हा मला वाटलं तुम्ही गेलात. तो दारू एकदम बंद केल्यामुळे आला होता, नाटक नव्हतं. मी डॉक्टरांशी बोलले आहे. असा त्रास न होता सोडवता येते. माझ्याबरोबर एकदा चला.' यात 'दारुडा' नाही, 'मुलीचं वाटोळं केलंत' नाही, 'माझं नशीब' नाही. आणखी एक पाहा. ते डॉक्टरकडे येत नाहीत त्यात हट्टाइतकीच भीती असेल. सोडायला गेलो आणि मरता मरता वाचलो, एवढंच त्यांच्या शरीराला आठवतंय. तुम्ही त्यांना सोडण्याबद्दल बोलता तेव्हा त्यांना ते बाथरूम आठवतं.

डिटॉक्स झालं म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. तिथे फक्त शरीरातून दारू गेली, डोक्यातली तलफ महिनोन्‌महिने राहते. त्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अकाम्प्रोसेट ही औषधं आहेत, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर हीच डायसल्फिरामही, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच हाताने. गंमत बघा, अशा वेळी बायकोच्या समोर रोज गोळी घेण्याचा करार डॉक्टर मुद्दाम करायला लावतात, आणि गोळीचा चांगला उपयोग होतो तो तशा देखरेखीखालीच. तीच गोळी, तेच घर. सोबत समुपदेशन आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या 'एए' या गटाच्या मीटिंगा. पाय घसरेल, बहुतेकांचा एकदा तरी घसरतो. त्या दिवशी 'सगळं वाया गेलं' असं म्हणू नका, डॉक्टरांना कळवा.

आता तुम्ही. एए सुरू झाली १९३५ मध्ये, बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून. बिलची बायको लोइस हिची एक गोष्ट मी अनेक बायकांना सांगते. नवऱ्याची दारू सुटली होती, तो शहाण्यासारखा मीटिंगला निघाला होता, आणि तिने चिडून त्याला बूट फेकून मारला. इतकी वर्षं जे तिला जमलं नव्हतं, ते दुसऱ्या लोकांनी करून दाखवलं आणि तो आता त्यांचाच झाला होता. त्या बुटाने तिला कळलं की आपणही आजारी आहोत, वेगळ्या तऱ्हेने. पुढे १९५१ मध्ये तिने आणखी एका बाईबरोबर घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू केलं. त्याचा उद्देश नवऱ्याला सोडवणं हा नाहीच, तुम्हाला सावरणं हा आहे. जा तिथे. ऑनलाइन मीटिंगाही असतात. पहिल्या दिवशी काही बोलावं लागत नाही. तुमची हिंमत संपत आलीय हे मला तुमच्या पत्रातल्या शेवटच्या 'तेवढं सांगा'वरून कळलं. ज्यांनी हाच फोन, हेच 'ताप आहे' स्वतः केलेलं आहे, अशा चार बायकांच्या शेजारी नुसतं बसलात तरी थोडं हलकं वाटेल.

मारहाणीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. नसेल तर उत्तम. असेल तर या पत्रातली 'आपुलकीने वागा' वगैरे सगळी कलमं रद्द समजा. आधी तुम्ही आणि मुलगी सुरक्षित जागी जा. दारू कारण असली तरी मार तो मारच.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या आई आहेत, त्यांनाही झटपट काहीतरी हवंय. डॉक्टरकडे दुसऱ्या वेळी जाताना त्यांना बरोबर न्या.

पट्टी त्या बाईंना परत देऊ नका, त्या ती दुसऱ्या कुणाला तरी देतील. डॉक्टरांकडे जमा करा. आणि ऑफिसचा फोन वाजला की मोबाइल उचलून त्यांच्या उशाशी नेऊन ठेवा, आणि खोलीतून बाहेर या.